संशोधन पुरे, असं म्हणण्याआधी

मेळघाट, नंदुरबार किंवा पालघरहून बालमृत्यूंचा आकडा येतो, विधिमंडळात प्रश्न विचारला जातो, आणि मग एक ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते की बाळंतिणी आणि तान्ही बाळं कशानं दगावतात हे कधीचंच ठाऊक आहे. अभ्यास पुरे झाले, डॉक्टर नेमा, रक्त पोचवा, गाड्या द्या. दुसरी बाजू पुराव्याचं महत्त्व सांगत राहते, आणि हा पुरावा नेमका गरीब बायकांच्याच अंगावर का तयार होतो असं विचारलं की मंजुरीपत्रांच्या फायली पुढे करते. पहिल्या बाजूला संशोधन ही चैन वाटते. दुसरीला ते प्रश्नांच्या पलीकडचं वाटतं. दोघंही एक गोष्ट गृहीत धरून चालतात, ती म्हणजे उपाय आणि उपायाचा परिणाम यांचं नातं पक्कं आहे, फक्त माल पोचवायचा बाकी आहे. वाद तिथेच फसतो.

माझं म्हणणं असं: माता आणि नवजात बाळांच्या आरोग्यावर भारतात आजच्यापेक्षा जास्त संशोधन व्हायला हवं, आणि ते इथल्या गावांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत, उपजिल्हा रुग्णालयांत व्हायला हवं. न मोजता राबवलेली योजना हाही प्रयोगच असतो. त्यात कुणाची संमती घेतलेली नसते, तुलनेला दुसरा गट नसतो, आणि निकाल उलटा लागला तर थांबा म्हणायला कुणी नेमलेलं नसतं. पण याचा अर्थ आज चालतं ते सगळं संशोधन योग्य आहे असा नाही. विरोधकांचे काही आक्षेप इतके खरे आहेत की ते मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्याचा अधिकारच मिळू नये.

आधी तेच. 2018-20 च्या नमुना नोंदणी पाहणीत दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात 97 आणि महाराष्ट्रात 33 होते. या मृत्यूंची मोठी कारणं जगभर तीच आहेत: बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब आणि झटके, जंतुसंसर्ग. बाळांच्या बाबतीत कमी दिवसांचा जन्म, जन्मताच श्वास न घेणं आणि पुन्हा जंतुसंसर्ग. रक्तसाठवण केंद्रातला फ्रीज बंद आहे, भूलतज्ज्ञाचं पद रिकामं आहे, रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असताना त्याचे अँप्यूल खिडकीतल्या ट्रेमध्ये पडून आहेत, हे दुरुस्त करायला कोणतीही चाचणी लागत नाही. भूलतज्ज्ञ नसल्याने सिझेरियन होत नाही, हे सिद्ध करायला कुणी अनुदान मागत असेल तर तो प्रस्ताव बिनदिक्कत परत पाठवावा. इथपर्यंत पहिल्या बाजूशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते ‘उपाय माहीत आहे’ या तीन शब्दांशी. झटक्यांचंच घ्या. 1961 मध्ये मद्रासच्या कृष्ण मेनन यांनी क्लोरप्रोमाझिन, प्रोमेथाझिन आणि पेथिडिन यांची मिश्र उपचारपद्धती मांडली आणि भारतातल्या प्रसूतिकक्षांत ती पुढे कित्येक वर्षं चालली. ब्रिटनमधले डॉक्टर डायझेपाम आणि फेनिटॉइनवर विसंबून होते, अमेरिकेतले मॅग्नेशियम सल्फेटवर. प्रत्येकाला आपला उपाय ‘माहीत’ होता. 1995 मध्ये दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि भारत इथल्या रुग्णालयांत झटके आलेल्या 1,687 बायकांवर चिठ्ठ्या टाकून तुलना झाली. मॅग्नेशियम दिलेल्यांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण डायझेपामपेक्षा 52 टक्क्यांनी आणि फेनिटॉइनपेक्षा 67 टक्क्यांनी कमी निघालं. मग 2002 मध्ये 33 देशांतल्या दहा हजारांहून अधिक गरोदर बायकांच्या चाचणीने दाखवलं की गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीत प्रथिनं जात असताना मॅग्नेशियम आधीच दिलं तर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. गरीब देशांतल्या वॉर्डांतून निघालेल्या या उत्तराने श्रीमंत देशांतली पद्धतही बदलली. हा वाद संशोधनाविना मिटला असता का? तीस वर्षांत तर मिटला नव्हता.

आणि औषध ठरलं म्हणजे काम संपलं असंही होत नाही. मॅग्नेशियमचा अँप्यूल 50 टक्के तीव्रतेचा असतो, 2 मिलिलीटरमध्ये 1 ग्रॅम. पहिली मात्रा शिरेतून 4 ग्रॅम, म्हणजे चार अँप्यूल, 8 मिलिलीटर. त्यात 12 मिलिलीटर सलाईन घालून ते 20 टक्क्यांवर आणायचं आणि किमान पाच मिनिटं लावून सावकाश सोडायचं. शिवाय दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम खोलवर, आणि पुढे दर चार तासांनी 5 ग्रॅम. प्रत्येक पुढच्या मात्रेआधी गुडघ्यावर हलकं ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला 16 तरी आहेत का, लघवी ताशी 30 मिलिलीटर होते का, हे बघायचं, आणि उशाशी उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचा 1 ग्रॅम तयार ठेवायचा. चूक दोन टोकांना होते. कुणी घाईत पातळ न करताच शिरेत देतं. कुणी श्वास थांबेल या धास्तीने काहीच न देता बाईला गाडीत बसवून जिल्ह्याला पाठवतं. या धास्तीवर ढाक्यात उत्तर शोधलं गेलं: सुरुवातीला 10 ग्रॅम आणि दर चार तासांनी 2.5 ग्रॅम अशी कमी मात्रा. पंचेचाळीस किलोच्या बाईला ती पुरते का, हा प्रश्न टेक्ससच्या रुग्णालयाला पडणारच नाही. तो आपल्यालाच पडतो आणि सोडवावाही आपल्यालाच लागतो.

याहून बोलकं उदाहरण स्टेरॉइडचं. कमी दिवसांचं बाळ होणार असं दिसताच आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे 1972 मध्ये न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हावी यांनी दाखवलं. औषध स्वस्त, परिणाम भक्कम. मग ते गावागावांत का पोचवू नये? हा विचार चुकीचा वाटण्यासारखा मुळीच नव्हता. सहा देशांत, त्यात भारतात, सुमारे एक लाख जन्मांवर तो तपासला गेला आणि 2015 मध्ये निकाल आला. सर्वांत लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. सगळ्या बाळांचा मिळून हिशेब केला तर उपाय राबवलेल्या भागात दर हजारी साडेतीन नवजात मृत्यू जास्त झाले, आणि आयांमध्ये जंतुसंसर्गही वाढलेला दिसला.

साडेतीन हा आकडा नीट बघा. वर्षाला तीनशे बाळंतपणं होणाऱ्या केंद्रात तो वर्षाकाठी एक जादा मृत्यू होतो. तो कुणाच्या लक्षात आला असता? नर्सच्या नाही, डॉक्टरच्या नाही, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्याही नाही. उलट ज्या कमी दिवसांच्या बाळांना इंजेक्शन मिळालं आणि जी जगली, त्यांचे फोटो योजनेच्या पुस्तिकेत आले असते. अनुभवी माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही एवढं नुकसान लाखो जन्मांत मिसळून कसं जातं, हे कळायला तुलना गट लागतो. ‘आम्ही रोज बाळंतपणं करतो, आम्हाला कळतं’ या म्हणण्याला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

असं का झालं असावं, हेही समजून घेण्यासारखं आहे. गरोदरपणाचे दिवस नक्की माहीत नव्हते. पाळीची तारीख आठवत नसेल तर पोटावर फीत लावून गर्भाशयाची उंची मोजून अंदाज बांधला जात होता. त्यामुळे इंजेक्शन घेतलेल्या बहुतेक बायकांना पुढे पुरेशा वजनाची बाळं झाली, म्हणजे गरज नसताना औषध गेलं. पाच वर्षांनी, 2020 मध्ये, दुसऱ्या चाचणीचा निकाल आला. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया इथल्या 29 रुग्णालयांत तेच डेक्सामेथासोन, 6 मिलिग्रॅम, बारा तासांच्या अंतराने चार वेळा देण्यात आलं. मात्र सोनोग्राफीने दिवस ठरवलेले, गर्भ 26 ते 34 आठवड्यांच्या दरम्यानचा, आईला संसर्ग नाही याची खात्री केलेली, आणि बाळाला सांभाळायची सोय त्याच इमारतीत. नवजात मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 टक्क्यांवर आले आणि फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली गेली. औषध तेच, देशही बरेचसे तसेच. फरक पडला तो आजूबाजूच्या चार गोष्टींनी. म्हणजे ‘स्टेरॉइड चालतं का’ हा प्रश्नच अर्धवट होता.

जन्मताना प्राणवायू न मिळालेल्या बाळाला 72 तास 33.5 अंशांवर थंड ठेवणं हा श्रीमंत देशांत सर्रास दिला जाणारा उपचार. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या चांगल्या, सुसज्ज नवजात कक्षांत 408 बाळांवर तो तपासला, तेव्हा दीड वर्षांपर्यंत थंड ठेवलेल्यांपैकी 42 टक्के दगावली आणि नेहमीची काळजी घेतलेल्यांपैकी 31 टक्के. हा निकाल 2021 चा. यंत्रं निकृष्ट होती, डॉक्टर अडाणी होते, असं कारण इथे देता येत नाही. आपल्याकडच्या बाळांच्या मेंदूला इजा कधी आणि कशी होते, हेच वेगळं असावं असा संशोधकांचा कयास आहे. ही चाचणी झाली नसती तर ‘परदेशात मिळतं ते आपल्या बाळांना का नाही’ या न्याय्य वाटणाऱ्या मागणीपोटी आपण थंडावा देणारी यंत्रं जिल्ह्याजिल्ह्यांत बसवली असती.

इतिहासात हे आधीही घडलं आहे, आणि तेही गरीब देशात नव्हे. 1940 च्या दशकात अमेरिका-युरोपच्या उत्तम रुग्णालयांत कमी दिवसांच्या बाळांना पेटीत भरपूर ऑक्सिजन देत. दहा हजारांच्या आसपास मुलं त्यात आंधळी झाली. 1953-54 मध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या तुलनेनंतर कारण पक्कं झालं. आज भारतात जिल्हा रुग्णालयांतले नवजात कक्ष वाढत आहेत आणि तोच आजार परत आला आहे. हवा-ऑक्सिजन मिसळणारं ब्लेंडर नसतं, नळी थेट सिलिंडरला जोडलेली असते, आणि बोटाच्या यंत्रावर 90 ते 95 दिसायला हवं तिथे 100 दिसलं की सगळे निर्धास्त होतात. पाश्चात्त्य देशांत दीड किलोच्या आतल्या बाळांचे डोळे तपासले की भागतं. इथे त्याहून जड बाळांचीही दृष्टी जाते हे इथल्याच डॉक्टरांनी नोंदी ठेवून दाखवलं, म्हणून आपला नियम 2 किलोच्या आत किंवा 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासा असा झाला. परदेशी नियम तसाच उचलला असता तर दीड ते दोन किलोमधली मुलं निसटली असती.

आता ‘योजना राबवा’ या बाजूकडे वळू. 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे, आशाला मोबदला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2005-06 मध्ये 39 टक्के बाळंतपणं दवाखान्यांत होत, 2019-21 मध्ये 89 टक्के. प्रचंड बदल. याच काळात नवजात मृत्युदर हजारी 39 वरून 25 वर आला. घट मोठी आहे, पण दवाखान्यात जाण्याच्या झेपेशी तिचा मेळ बसत नाही. यातली किती घट या योजनेमुळे? योजना एकदम देशभर सुरू केल्याने तुलनेला कुणी उरलंच नाही. एका विश्लेषकाला फायदा दिसला, दुसऱ्याला दिसला नाही. हजारो कोटी रुपये खर्चून आपण हा प्रश्न कायमचा अनुत्तरित ठेवला. टप्प्याटप्प्याने, कोणते जिल्हे आधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवून योजना नेली असती तर कुणाचंही नुकसान न होता उत्तर मिळालं असतं, कारण सगळीकडे एकदम पोचण्याइतकी यंत्रणा तशीही नव्हती.

दवाखान्यात आलेल्या बाईला तिथे नीट काळजी मिळाली की मृत्यू घटतील, ही पुढची समजूत. उत्तर प्रदेशात 120 केंद्रांत दीड लाखाहून अधिक बाळंतपणांवर ती तपासली गेली. निम्म्या केंद्रांत प्रसूतीची तपासयादी आणि महिनोनमहिने प्रशिक्षक. हात धुणं, रक्तदाब बघणं, वेळेवर ऑक्सिटोसिन देणं, सगळं सुधारलं. मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत मिळून प्रमाण मात्र 15.1 टक्के आणि 15.3 टक्के, म्हणजे फरकच नाही. हा निकाल कुणाला निराश करणारा वाटेल. मला तो फार उपयोगाचा वाटतो. यादीवर खुणा होतात आणि तरी बाळ जगत नाही, म्हणजे अडचण शस्त्रक्रियेची सोय, वेळेवर पाठवणी आणि श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात फुगा-मास्कने हवा देण्याचं कौशल्य या बाजूला आहे. न मोजता ही यादी देशभर वाटली असती तर यशोगाथाच छापून आल्या असत्या.

इथे तिसरा, सर्वांत टोकदार आक्षेप येतो. तुलना गटातल्या बाईचं काय? तिला तुम्ही मुद्दाम उपायाविना ठेवलंत. 1997 मध्ये हा वाद जगभर पेटला होता. आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण एझेडटी औषधाने 25 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर येते हे 1994 मध्ये सिद्ध झालेलं असताना, आफ्रिका आणि आशियातल्या चाचण्यांत गरोदर बायकांच्या एका गटाला औषध नसलेली गोळी दिली जात होती. बचाव असा की त्या देशांत या बायकांना एरवी काहीच मिळालं नसतं. हा बचाव मला घातक वाटतो. सरकारने जी सेवा दिली नाही तीच ‘प्रचलित सेवा’ धरली तर गरिबी हाच संशोधकाचा परवाना होतो. बेळगाव जिल्ह्यातल्या मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीच्या चाचणीवरही, जिचा निकाल 2006 मध्ये आला, हाच आक्षेप लागू होतो. 1,620 बायकांपैकी निम्म्यांना 600 मायक्रोग्रॅम औषध, निम्म्यांना औषध नसलेली नुसती गोळी. अर्धा लीटर किंवा त्याहून जास्त रक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला. गावपातळीच्या नर्सच्या हातात इंजेक्शन आणि फ्रीज दोन्ही नसतात तिथे औषधाच्या गोळीने रक्तस्राव घटतो, हे त्यातून कळलं. तरीही नुसती गोळी मिळालेल्यांचा प्रश्न त्या निकालाने पुसला जात नाही.

पण आक्षेपकांनी इथून जो निष्कर्ष काढला, की चाचणीच नको, तो चुकीचा होता. मूळ एझेडटी पद्धतीत गरोदरपणात आठवडेच्या आठवडे गोळ्या, कळांमध्ये शिरेतून औषध आणि बाळाला सहा आठवडे सिरप, असा सुमारे 800 डॉलरचा कार्यक्रम होता. तो कंपालात किंवा पुण्यात पोचणार नव्हता. थायलंडमधला छोटा कार्यक्रम उपयोगी आहे हे 1998 मध्ये कळताच युगांडातल्या चाचणीने नुसत्या गोळीचा गट बंद केला आणि दोन खऱ्या उपायांची तुलना केली: छोटं एझेडटी, की कळा सुरू झाल्यावर आईला 200 मिलिग्रॅम नेव्हिरापिनची एकच गोळी आणि बाळाला एकच मात्रा. नेव्हिरापिन सरस ठरलं. म्हणजे कुणालाही रिकाम्या हाती न ठेवता उत्तर मिळू शकतं. झारखंड आणि ओडिशात ‘एकजुट’ या संस्थेने महिला मंडळांच्या बैठकांचा परिणाम तपासला, तेव्हा आरोग्य समित्या बळकट करण्याचं काम दोन्ही भागांत केलं, फरक फक्त बैठकांचा होता. नवजात मृत्यू 32 टक्क्यांनी कमी निघाले. बांगलादेशात हाच उपाय पहिल्यांदा निष्फळ ठरला, कारण तिथे 1,414 लोकांमागे एक मंडळ होतं, ‘एकजुट’मध्ये 468 मागे. पुढच्या खेपेला 309 लोकांमागे एक केलं आणि परिणाम दिसला. बैठकीलाही मात्रा असते, हे एरवी कुणाच्या ध्यानात आलं असतं?

संमतीबद्दल मात्र संशोधकांनी कान पकडून घ्यावेत. कळांनी विव्हळणाऱ्या बाईसमोर आठ पानी कागद धरून अंगठा घेणं ही संमती नव्हे. चाचणीची माहिती सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीत द्यायला हवी, दोनदा द्यायला हवी, आणि संमती घेणारी व्यक्ती तिच्यावर उपचार करणारा डॉक्टर नसावी. ‘नाही म्हटलं तरी इथेच बाळंतपण होईल’ हे वाक्य तिने स्वतःच्या शब्दांत परत सांगितलं तरच सही घ्यावी. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईसाठी तटस्थ साक्षीदार नियमानेच लागतो. तो त्याच वॉर्डातला शिपाई असेल तर तटस्थ कसला? सासू किंवा नवऱ्याने हो म्हटलं म्हणजे तिने हो म्हटलं, ही पळवाट तर सगळ्यात जुनी.

आणि ‘संरक्षण’ म्हणून गरोदर बायकांना संशोधनातून वगळण्याची किंमतही मोजा. कोविड लशींच्या मूळ चाचण्यांत त्यांना घेतलं नव्हतं. लसीकरण 16 जानेवारी 2021 ला सुरू झालं. गरोदर बायकांना लस घेण्याची परवानगी 2 जुलैला मिळाली. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली होती. वगळणं हाही एक निर्णय होता, आणि त्याचे परिणाम कोणत्याही चाचणीच्या अहवालात लिहिले गेले नाहीत.

उरतो तो आक्षेप, ज्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. संशोधन इथे होतं, फायदा इथे पोचत नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत 1990 च्या दशकात जे केलं ते आठवा. आधी एक वर्ष 763 नवजात बाळांची घरोघरी नोंद: 54 टक्के बाळांना उपचारांची गरज होती, मिळाले ते 2.6 टक्क्यांना. मग गावातल्याच आरोग्यदूतांनी वजन, ताप, श्वास बघून, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमोक्साझोल दिलं. संसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यू 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. शोधनिबंध 1999 चा. देशभर योजना आली 2011 मध्ये. तीत आशाच्या सहा-सात गृहभेटी आल्या, 250 रुपये आले, वजनकाटा आणि थर्मामीटर आला. आशाच्या हातचं इंजेक्शन मात्र आलं नाही. ज्या घटकाने मृत्यू सर्वाधिक घटले असण्याची शक्यता, तोच वगळून उरलेल्या पॅकेजला जुन्या निकालाचं नाव देणं हे शास्त्र नव्हे. पण हा दोष संशोधन जास्त झाल्याचा आहे, की निकाल आल्यावर शासनाला उत्तर द्यायला कुणी भाग पाडत नाही याचा?

म्हणून अट अशी हवी: जिल्ह्यात माता-नवजात चाचणीला परवानगी देतानाच आरोग्य खात्याने लिहून द्यावं की निकालानंतर एका वर्षाच्या आत उपाय स्वीकारला की नाकारला आणि का, हे जाहीर करू. तुलना गटाला कागदावरची नव्हे, प्रत्यक्ष चालू असलेली चांगली सेवा मिळावी आणि तिचा खर्च प्रकल्पानेच उचलावा. गावपातळीच्या नोंदी गावातल्या नर्सलाही परत दाखवाव्यात. आणि पैसा सार्वजनिक असावा. ऑक्सिटोसिन, मॅग्नेशियम, डेक्सामेथासोन, आईच्या छातीवरचं बाळ, यांतल्या कशाचंही पेटंट कुणाकडे नाही. औषध कंपनी यावर पैसा का घालेल? जन्मानंतर लगेच, बाळ स्थिरावण्याची वाट न बघता, त्याला आईच्या छातीशी ठेवण्याची चाचणी दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांत झाली. 1 ते 1.8 किलोच्या बाळांतले मृत्यू 15.7 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आले. या संशोधनाने मागितलेलं यंत्र म्हणजे नवजात कक्षात आईसाठी एक खाट. ती विकून कुणाला नफा होणार नाही.

बेळगावच्या त्याच चाचणीसाठी रक्त मोजायची एक प्लास्टिकची चादर तयार झाली होती: बाळ बाहेर आलं आणि गर्भजल वाहून गेलं की बाईच्या कमरेखाली सरकवायची, पट्टा पोटावर बांधायचा, रक्त खालच्या नरसाळ्यात जमतं आणि खुणांवर वाचता येतं. नुसत्या नजरेच्या अंदाजात रक्तस्राव नेहमी कमी भरतो. 2023 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत 80 रुग्णालयांत अशीच खुणांची चादर वापरली: 500 मिलिलीटरची खूण ओलांडली, किंवा 300 वरच नाडी-रक्तदाब बिघडले, की गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदम, एकामागून एकाची वाट न बघता. रक्तस्राव वेळेत ओळखला जाण्याचं प्रमाण 51 वरून 93 टक्क्यांवर गेलं. तीव्र रक्तस्राव, पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू हे सगळं मिळून 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आलं.

हे निकाल रुग्णालयांतले आहेत, जिथे पुढची पायरी त्याच इमारतीत किंवा फार दूर नसते. भामरागडला किंवा धडगावला पावसाळ्यात चादरीवरची रेघ 500 ओलांडते तेव्हा काय करायचं? औषधांचा पूर्ण संच देऊन थांबायचं, की लगेच गाडी काढायची? गाडी काढली तर वाटेत दर पंधरा मिनिटांनी कोण आणि काय मोजणार? रक्तस्राव थांबला नाही तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची दुसरी मात्रा अर्ध्या तासाने द्यायची असते, ती चालत्या गाडीत नर्सला देता येते का? रक्त तिकडून गाडीने बाईकडे पाठवणं बरं, की बाईला रक्तापर्यंत नेणं? यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नैरोबीत किंवा लंडनमध्ये मिळणार नाही.